सोंड भिंतीकडे

आळेफाट्यावर चहा मागितला की अक्का आधी विचारायच्या, "बसला येळ हाय का?" वेळ असेल तर गिऱ्हाइकाला रस्त्याकडे पाठ करून बाकावर बसवायच्या. समोर भिंतीला लागून लाकडी फळी आणि फळीवर ओळीने मांडलेले दगड. "चा येईस्तोवर बघा. हात लावू नका, हात जोडू बी नका."

नव्वदच्या दशकात मी जुन्नर-आंबेगावची बातमीदारी करत होतो आणि फाट्यावर अनेकदा बस बदलावी लागे. अक्कांचे हॉटेल म्हणजे पत्र्याखाली टाकलेले चार बाक. दगड कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या पात्रांतले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की दुपारची गिऱ्हाइकी आटोपून त्या पात्रात उतरत आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येत. कापलेला, घासलेला, तेल लावलेला दगड फळीवर चढत नसे. सकाळी फक्त पाणी शिंपडायचे. मग एकात डोंगराची रांग उमटे, दुसऱ्यावर पांढरी रेघ कड्यावरच्या धारेसारखी उतरे.

त्यांचे यजमान दामूअण्णा शेजारीच ट्रकचे गॅरेज चालवत. "लोकांच्या बायका तांदळातलं खडं बाहेर टाकत्यात, आमची घरात आणती," असे ते प्रत्येकाला ऐकवत. पण दगडांखाली बैठकीला बेअरिंगच्या जुन्या कड्या असत, त्या तेच शोधून देत. दगड कडीत डुगडुगला की दोघांचे भांडण होई आणि दुसरी कडी येई.

मधला काळा दगड सर्वांत देखणा होता. नारळाएवढा, गुळगुळीत, वरच्या अंगाला ओंजळीसारखा खळगा. त्याची एक बाजू कायम भिंतीकडे असे. त्या बाजूला गणपतीची सोंड स्पष्ट दिसे. मला त्यांनी ती एकदाच दाखवली. "ही बाजू लोकांना दावली की दगड संपला, भाऊ. मंग कोण बघायचं न्हाई. समदे डोळे मिटत्याल."

अक्का देव न मानणाऱ्या नव्हत्या. दर चतुर्थीला त्या ओझरला जात. "विघ्नहराला ओझरला जागा हाय," म्हणत, "ह्या दगडाला हीच."

अशाच एका चतुर्थीला त्या ओझरला गेल्या असताना अष्टविनायकाच्या यात्रेकरूंची गाडी हॉटेलवर थांबली. कोणीतरी तो दगड उचलून फिरवला. अक्का परतल्या तेव्हा सोंड रस्त्याकडे होती, तिला तेलातला शेंदूर माखलेला होता, जास्वंद वाहिलेले होते आणि आरती चालू होती. मी बाकावर होतो. अक्कांनी पिशवी खाली ठेवली आणि आरती संपेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

"अक्का, आता दर खेपेला गाडी हितंच थांबवतो," ड्रायव्हर म्हणाला.

दामूअण्णा खुलले होते. "अगं, देव चालत आलाय! रस्त्याच्या कडंला देऊळ टाकू. बघ कशी गर्दी व्हती ती."

"आन् बाकीचे दगड?"

"ऱ्हातील की मागं."

"मागं म्हंजी चुलीत."

शेंदूर तसल्या दगडावरून पुरता निघत नाही, आणि निघाला असता तरी देवावरचा शेंदूर खरवडणे अक्कांच्याने झाले नसते. त्यांनी घरातून पाट आणला, दगड त्यावर ठेवला आणि यात्रेकरूंकडे वळल्या. "देव केला न्हवं तुमी? मंग देवावानीच पोचवते."

दामूअण्णांनी दोनदा विरोध केला आणि तिसऱ्यांदा मुकाट्याने जीप काढली. कुकडीत जिथे तो सापडला होता तिथेच, गुडघाभर पाण्यात उतरून, मोरया म्हणत अक्कांनी दगड सोडला. तसा दगड त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही.

यात्रेच्या गाड्या पलीकडच्या हॉटेलावर थांबू लागल्या. आलेली लक्ष्मी बाईने पाण्यात बुडवली, असे फाट्यावर बोलले गेले. इकडे गोष्ट ऐकून येणारे काहीजण फळीवरच्या मोकळ्या कडीलाच नमस्कार करू लागले. अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "पावणं, भोकाला बी सोडंनात तुमी!"

पुढचा अख्खा उन्हाळा त्या कडीत नीट बसेल असा दगड शोधण्यात गेला. आणला तो ओबडधोबड, करडा, कुठूनही पाहिला तरी कशासारखाच न दिसणारा. "आता करा ह्याचा देव." कोणालाच तो करता आला नाही. मात्र बाकावरची माणसे त्याच्यासमोरच सर्वांत जास्त वेळ रेंगाळू लागली.

दोन हजारनंतरच्या दशकात अक्का गेल्या. हॉटेल सून चालवते. फळी, ओळ, कड्या सगळे जागच्या जागी आहे, आणि एके काळी हसणारे फाट्यावरचे लोक आता पाहुण्यांना मुद्दाम आणून सांगतात, "ही आमच्या अक्कांची फळी."

मागे गेलो तेव्हा एक ट्रकवाला चहा निववत त्या करड्या दगडाकडे बघत बसला होता. शेवटी न राहवून त्याने विचारले, "वहिनी, ह्यो कशावानी दिसतो म्हणायचा?"

सुनेने स्टोव्हवरून मान वर केली नाही. "दगडावानी. घाई न्हाई ना? मंग बघा."