फाट्यावरच्या खानावळीत तीन ताटं

आमच्या तेर गावाहून गाडी सुटताना शेजारच्या मावशींनी खिडकीशी येऊन बजावलं, आधी चौकशी कर गं, आत बसवतात का. चौकशी करायला मी काय सोयरीक जमवायला निघाले होते? भूक लागली की माणूस जेवायला जातो, तशी मी आईवडिलांना घेऊन निघाले होते.

मी अणदूरच्या शाळेत मास्तरीण. तिथल्या फाट्यावरच्या खानावळीतून येणारा फोडणीचा वास रोज घेते. आईनं पन्नाशी गाठली; दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी (कामावर वाटायचे तो कोरडा खाऊ) खाऊन दिवस काढले. पण हॉटेलात बाकावर बसून, दुसऱ्यानं वाढलेलं गरम जेवण तिनं कधी खाल्लं नव्हतं. ते तिला एकदा खायचं होतं. दादा, म्हणजे माझे वडील, ‘उगं कशाला’ म्हणतच गाडीत चढले.

तेरणा नदीच्या पात्रात नुसती वाळू. उस्मानाबादला गाडी बदलली, ती देवीच्या भक्तांनी खच्चून भरलेली. तुळजापूरला सगळे उतरले, तेव्हा कुठं दादांना टेकायला जागा मिळाली. जरा पुढं जातो तोच टायर बसलं. दोन्हीकडं करपलेली ज्वारी, मधे एक बाभळ, आणि तिच्या चिमूटभर सावलीत आम्ही सगळे उतारू. कंडक्टर घाम पुसत म्हणाला, गाडीलाबी दुष्काळ लागलाय. सगळे हसले, दादा सोडून.

फाट्यावर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. खानावळीत चार बाकं, मागं चूल, भिंतीला धूर. मालक गल्ल्यावरून गोड आवाजात म्हणाला, कुठले पाव्हणे? तेरचे म्हटलं. तेरात कुणाकडले? आमच्याकडं जात अशीच विचारतात, तब्येत विचारल्यासारखी. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “बौद्धवाड्यातले. तीन ताटं लावा.”

मालकाचा आवाज तेवढाच गोड राहिला. बाहेर ओट्यावर बसा म्हणाला, वारं लागतं. तो ओटा मला ठाऊक होता. तिथं आमच्या लोकांनी जेवायचं, आणि उठताना आपलं ताट आपण विसळून पालथं घालायचं, ही तिथली रीत. माझं डोकं सणकलं. वारं आतही येतंय म्हटलं आणि बाकावर बसले. हैदराबादेकडचा एक ट्रकवाला जेवत होता. त्यानं नुसती आपली थाळी सरकवली आणि म्हणाला, बैठो अम्मा.

मालक गल्ल्यातली चिल्लर मोजत बसला. शेवटी ताटं आली. भाकरी, येसराची आमटी (धान्य आणि मसाले भाजून केलेल्या पुडीची), वांगं, शेंगाची चटणी. आई सावकाश जेवली. दोनदा आमटी मागून घेतली, आणि मागताना आवाज जरासुद्धा खाली केला नाही. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

आणि दादांनी घात केला. शेवटचा घास गिळला, उठले, आणि ताट हातात घेऊन मोरीकडं चालू लागले. जन्माची सवय. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी रोखून पाहिलं नव्हतं. मालकाच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. सगळं मिळवलेलं त्या चार पावलांत चाललं होतं.

“ठेवा ते ताट खाली,” आई म्हणाली. “आपुन जेवायला आलोय.”

दादा थबकले. त्यांना कळलं, आणि कान लाल झाले. परत येऊन त्यांनी ताट होतं तिथंच ठेवलं आणि ते बसले. मग आम्ही तिघंही बसूनच राहिलो. गिऱ्हाईकं दारात येऊन खोळंबली, ट्रकवाला बिडी ओढत मजा बघत राहिला. आई पदरानं वारा घेत होती. अखेर मालक उठला, आणि दुसऱ्या कुणाला न सांगता तिन्ही ताटं त्यानंच उचलली. मगच आम्ही उठलो.

दोन दिवसांनी त्यांना पोचवायला मी पुन्हा तेरच्या गाडीत बसले. वाटलं होतं, आपण दादांना उगाच लोकांपुढं उघडं पाडलं. त्यांनी उभ्या जन्मात अन्नाला नाव ठेवलं नव्हतं. मिळालं ते खाल्लं, गप्प उठले. तुळजापूर मागं पडल्यावर ते एकाएकी म्हणाले, “भाकरी कडंला कच्ची व्हती. पुन्यांदा गेलो की मालकाला सांगणार हाय म्या.”