तीन पुकारे

समोरच्याला तीनदा हाक मारल्याशिवाय जगात कुणालाही हरवू नये, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. ते माझे मामेसासरे. महाडच्या कोर्टात त्यांनी उभा जन्म पट्टेवाला म्हणून काढला. खटला निघाला की व्हरांड्यात येऊन पक्षकाराच्या नावाचा तीनदा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही, तरच साहेब एकतर्फी निकाल देत. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, मामा बुद्धिबळाला लागले, आणि तेही माझ्या सायबर कॅफेत. दोन हजारच्या आसपासचा तो काळ. आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटर मांडले होते. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, म्हणजे आलं तर यायचं. दुपारी सगळं महाड पेंगत असायचं, डेपोतून एखाद्या एसटीचा घोगरा हॉर्न ऐकू यायचा, आणि मामा हनुवटीला हात लावून पडद्यात हरवलेले असायचे. समोरून खेळी यायला उशीर झाला की विचारायचे, "जावयबापू, या गड्याच्या गावात आता काय वाजलं असंल?" मी काहीतरी ठोकून द्यायचो. "म्हंजी पहाट हाय. चा नसंल झाला त्याचा," असं म्हणून ते पुन्हा निवांत बसत. नकाशात कधी न पाहिलेली ती गावं त्यांना कापडे गावातल्या आपल्या घराइतकी स्वच्छ दिसत असावीत.

खरी गंमत समोरच्याची लाइन तुटली की व्हायची. पडद्यावर पाटी यायची, प्रतिस्पर्धी गेला, विजय घ्यायचा का? दुसऱ्या कुणीही लगेच बटण दाबलं असतं. मामा उठायचे, टोपी नीट करायचे, दारात यायचे आणि समोरच्याचं पडद्यावरचं नाव घेऊन भर रस्त्यावर खणखणीत आवाज द्यायचे, "ब्लूफॉक्स हाजिर हाय का?" समोरचे रिक्षावाले आधी हसले, मग सवयीने उत्तर देऊ लागले, "नाय आला, मामा." मी एकदा म्हटलं, मामा, तो नॉर्वेत आहे. तर शांतपणे म्हणाले, "आवाज पोचतो. येळ लागतो." आणि काय सांगावं, एकदा तिसऱ्या पुकाऱ्याला तो ब्लूफॉक्स खरंच परत आला आणि त्याने मामांना धूळ चारली. मामा घरी गेले ते लग्नाहून आल्यासारखे खुशीत. निकाल दोघांच्या समक्ष लागला होता ना.

स्वतःची लाइन गेली की मात्र तक्रार नाही. मी टेलिफोनवाल्यांचा उद्धार करायला लागलो की मलाच गप्प करत. "तार माजी, तर जबाबदारी माजी. पक्षकार घाटात अडकला म्हनून साहेब थांबत नव्हते."

मग ती स्पर्धा आली. परदेशातल्या कुठल्याशा क्लबाने वयस्कांसाठी भरवलेली. शेवटचा डाव जिंकला की मामा वरच्या गटात जाणार होते. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि दुपारभर असे खेळले की मी गिऱ्हाइकं विसरून मागे उभा राहिलो. एक हत्ती जास्त होता, डाव हातात होता. नेमक्या त्याच वेळी मामी आमच्या हिला, म्हणजे आपल्या भाचीला भेटायला मागच्या दाराने आल्या आणि मुंबईच्या लेकीची खुशाली विचारावी म्हणून त्यांनी फोन उचलला. कॅफेची आणि घरची तार एकच, फोन उचलला की इंटरनेट तुटायचं. माझ्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, मामींना सोडून. पडदा गोठला. लाइन जुळेपर्यंत निकाल लागला होता, मामा हरले.

मी चिडून क्लबाला मेल टाकला. तासाभरात सभ्य उत्तर आलं, ज्याची लाइन त्याची जबाबदारी. तोवर मामींना सगळं कळलं होतं. त्या पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या. "माज्यामुळं झालं," एवढंच म्हणाल्या.

"तुजा दोष नाय गो," मामा म्हणाले. "त्यांचा नियम पन बराबर हाय. पन पुकारा नाय केला कोनी." पडद्यावरची नजर त्यांनी काढली नाही. "जल्मभर लोकांना हाका घातल्या. माज्या टायमाला कोनी दारात पन नाय आला."

मामी वळल्या आणि पायरी उतरून रस्त्यावर गेल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, तेव्हाही काढलं नाही. कोर्टाच्या दिशेला तोंड करून त्यांनी हाक दिली, "अवो." थोडं थांबून पुन्हा, "अवो." रिक्षावाले बोलायचे थांबले. तिसऱ्या हाकेला त्यांचा आवाज फाटला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मामांनी टोपी घातली, दारात येऊन ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हाजर."

आता मामा नाहीत. कॅफेही नाही, तिथे मी मोबाइल दुरुस्त करतो. मामी आमच्याकडेच असतात. कधी कधी संध्याकाळी वीज जाते आणि सगळा रस्ता एकदम गप्प होतो. तेव्हा त्या पायरीवर येतात, हलक्या आवाजात तीनदा "अवो" म्हणतात आणि कोर्टाच्या बाजूला बघत उभ्या राहतात. मी आत चला म्हटलं, तर हात वर करून मला थांबवतात.

"येळ लागतो," म्हणतात.