चपला हातात धरलेला बाप

नाटकाला समीक्षक येतात ते पहिल्या आठवड्यात, आणि धोंडिराम वाघमारे नाटकात यायचा तो शंभराव्या प्रयोगानंतर. मूळ नटाला मालिका मिळाली, त्याचा पाय मोडला किंवा निर्मात्याशी बिनसलं, की मुलुंडला धोंडिरामचा फोन वाजायचा. चार दिवसांत पाठांतर, दुसऱ्याच्या मापाचा कोट, आणि पाचव्या दिवशी रंगमंचावर. या धंद्यात त्याला रिप्लेसमेंट म्हणतात. कारखान्यातली नोकरी सांभाळून सत्तावीस वर्षं त्याने हेच केलं, चौदा नाटकांत, आणि एकाही पेपरात त्याचं नाव आलं नाही. येणार कसं? नाटकाचं परीक्षण एकदाच छापतात, आणि तो येईपर्यंत ते कधीच छापून झालेलं असायचं.

हे त्याने पचवलंही असतं. पण यंदा त्याने वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा अर्ज भरला आणि खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "काका, नाव छापून आलेलं एखादं कात्रण आहे का?" कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. दम्याने आवाज बसला होता, आता रिप्लेसमेंटलाही कोणी बोलवत नव्हतं. कात्रण नसेल तर एखाद्या जाणकाराचं पत्र चालेल, बाई म्हणाल्या. शुक्रवारपर्यंत.

कात्रण त्याच्याकडे होतं. एकच होतं, आणि त्यात नाव दुसऱ्याचं होतं.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका नव्या नाटकाचा तिसरा प्रयोग मुलुंडला लागला होता आणि बापाची भूमिका करणारा अनंत केळुसकर तापाने फणफणला. तालमींना धोंडिराम बदली म्हणून बसायचा, त्यालाच उभं केलं. दुसऱ्या अंकात बाप पहिल्यांदा मुलाच्या नव्या फ्लॅटवर येतो. अनंत चपला दाराशी काढून सरळ आत यायचा. धोंडिरामने चपला काढल्या आणि हातात घेतल्या. कुठे ठेवाव्यात ते न कळून अख्खा प्रवेश तो त्या छातीशी धरून उभा राहिला. हे त्याला दिग्दर्शकाने सांगितलेलं नव्हतं. परतूरकडच्या त्याच्या गावात वरच्या आळीतून जाताना त्याचा बाप अशाच चपला हातात घ्यायचा. का घ्यायचा, ते धोंडिरामला फार लहानपणी कळलं होतं. त्या दिवशी ते आपोआप झालं, आणि थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.

समीक्षक शरच्चंद्र वर्दे त्या प्रयोगाला होते. तिसऱ्या घंटेला मॅनेजरने माइकवरून नटाचा बदल जाहीर केला, तेव्हा मात्र ते बाहेर गाडीला जागा शोधत होते. रविवारी अर्धा कॉलम आला. चपला हातात धरलेला हा बाप विसरता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि म्हाताऱ्याच्या रंगभूषेत नट न ओळखून सगळं श्रेय अनंत केळुसकरला दिलं होतं. धोंडिराम कात्रण घेऊन निर्मात्याकडे गेला. "चांगलंच आलंय ना छापून? मग नाटक चालू दे ना यार," निर्माता म्हणाला. "तुझं पुढच्या वेळी बघू." लोक चपलांचा प्रवेश बघायला यायला लागले, तेव्हा अनंतही चपला हातात घ्यायला लागला. त्या वर्षीचं पारितोषिक त्याला मिळालं. समारंभात मागच्या रांगेत बसून धोंडिरामने टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्यांचा त्याला अजून राग येतो.

"त्या वर्द्यांकडेच जा," त्याची बायको द्रौपदी म्हणाली. "आहेत तोवर जा. दोन ओळी लिहून द्यायला काय जातंय त्यांचं?"

वर्दे आता कांदिवलीला लेकीकडे राहत होते. लेकीने, पद्मजाने, दार उघडलं. चौऱ्याऐंशी वय, पण म्हातारा ताठ बसला होता. धोंडिरामने कात्रण पुढे केलं आणि बावीस वर्षं मनात घोकलेलं सगळं सांगून टाकलं. मध्ये दोनदा दम लागला.

वर्द्यांनी कात्रण आवडीने वाचलं. "काय लिहायचो हो मी," ते म्हणाले. "पण तो अनंतच होता."

"सर, तो मी होतो."

"अहो, माझी स्मरणशक्ती खणखणीत आहे अजून. नंतरही दोनदा पाहिलं मी ते नाटक. तोच बाप, त्याच चपला."

बोलून उपयोग नाही हे धोंडिरामला कळलं. तो उठून दाराबाहेर गेला. आपल्या झिजलेल्या चपला उचलून आत आला आणि पंख्याखाली उभा राहिला. चपला छातीशी, मान थोडी खाली, नजर स्वच्छ फरशीवर. चहा घेऊन आलेली पद्मजा ट्रे धरून तशीच थांबली. वर्द्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून धोंडिरामचा जीव भांड्यात पडला. ओळखलं, त्याला वाटलं. शेवटी ओळखलं.

"वा," वर्दे चष्मा पुसत म्हणाले. "हुबेहूब. अनंतची इतकी चांगली नक्कल मी कुणाची पाहिली नाही."

धोंडिराम तसाच उभा राहिला. हातातल्या चपला आता कुठे ठेवाव्यात, हे त्याला खरंच कळत नव्हतं. वर्द्यांनी लेकीकडून कागद मागवला, त्याला पूर्ण नाव विचारलं आणि सुंदर अक्षरात पत्र लिहून दिलं.

घरी द्रौपदीने ते उजेडात धरून वाचलं. 'श्री. धोंडिराम वाघमारे हे थोर नट अनंत केळुसकर यांच्या भूमिकेची उत्तम नक्कल करतात.' खाली सही. तिने परत एकदा वाचलं.

"हे देणार तुम्ही त्या खिडकीवर?"

"नाव माझं आहे ना त्यात," धोंडिराम म्हणाला, आणि अर्जाला जोडायला टाचणी शोधू लागला.