गाडीचा बस्ता

आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला दोघं-तिघं कधी जात नाहीत. नवरदेवाची आत्या, मोठी बहीण, दोन-तीन चुलत्या आणि शेजारची एक जाणकार बाई, एवढं लटांबर दुकानात शिरतं, गादीवर ठाण मांडून बसतं आणि साड्यांचा डोंगर झाल्याशिवाय उठत नाही. हे मला लग्न होऊन पनवेलला आले तेव्हापासून ठाऊक आहे. पण चारचाकी गाडीचासुद्धा बस्ता बांधतात, हे मात्र मला गेल्या वर्षी कळलं.

चूक माझीच. नणंदबाईंना फोनवर बोलता बोलता सांगून बसले की रविवारी आम्ही खारघरला गाडीचा रंग पसंत करायला जाणार आहोत. रंग पसंत करायचा एवढं ऐकलं आणि बाईंना पुढचं काही ऐकायचं नव्हतं. त्या ह्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या, अजून विचुंब्याच्या जुन्या घरात राहतात, आणि घरातल्या कुठल्याही शुभकार्यात पहिला हात त्यांचा. "आमाला सोडून जाव नको," असं बजावून त्यांनी फोन ठेवला. रविवारी दोन रिक्षांतून पाच बायका शोरूमच्या दारात उतरल्या. पाचही जणी ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या.

आता गाडी कसली, तर लहानशी, चौकोनी, फोर बाय फोर. चारही चाकांना जोर असलेली. ह्या वयात असली गाडी कशाला, असं आम्हाला निम्म्या पनवेलने विचारलं. माळडुंग्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमची लहानशी आंब्याची वाडी आहे. डांबरी रस्ता संपला की शेवटचा चढ लाल मातीचा, आणि पावसाळ्याचे चार महिने त्याचा नुसता चिखल. हे तीस वर्षं विजेच्या टॉवर लाइनच्या कामावर जीप चालवत होते. जिथे बकरी दम खाते तिथे ह्यांची जीप गेलेली. हा चढ म्हणजे ह्यांना अंगणासारखा होता. निवृत्त झाल्यावर स्वतःची एक तशीच गाडी घ्यायची, एवढी एकच हौस ह्या माणसाने बाळगली होती. सोन्याची नाही, कपड्यांची नाही, खाण्याची थोडीशी.

आणि नेमकं निवृत्त व्हायच्या वर्षी मधुमेहाने डोळ्यांचा घास घेतला. समोरचं दिसेनासं झालं. कडेचं थोडं दिसतं, म्हणून हे मान वाकडी करून जगाकडे बघतात. नवीन माणसाला वाटतं, हे गृहस्थ आपल्यावर संशय घेत आहेत. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं. तेव्हा चोपन्नाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. शिकवणारा माझ्या लेकीच्या वयाचा होता आणि मला 'मावशी, क्लच, क्लच' म्हणून ओरडायचा. लायसन्स मिळालं. पण क्लच आणि माझा डावा गुडघा यांचं काही जमलं नाही. पळस्प्याच्या फाट्यावर गाड्या तुंबल्या की मला रडू यायचं. त्यात त्याच्या आदल्या श्रावणात वाडीच्या चढावर आमची जुनी गाडी बंद पडली आणि मागे सरकायला लागली. ह्यांनी चाचपडत हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. त्यानंतर आम्ही वाडीवर गेलोच नाही. राखणदाराला फोन करून आंब्याची चौकशी करायची आणि गप्प बसायचं.

म्हणजे मला हवी होती ऑटोमॅटिक गाडी, बिनक्लचची. ती आली तर आम्ही दोघं हवं तेव्हा वाडीवर जाऊ शकत होतो. मॅन्युअल आली तर ती दारात उभी राहणार होती. इतकं सरळ होतं. पण हे मॅन्युअल म्हणत होते, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. कारण मी एक पाप करून ठेवलं होतं.

ह्यांचे डोळे गेल्यापासून घरात येणारा प्रत्येक कागद मीच वाचून दाखवते. पेपर, लग्नपत्रिका, बँकेची पत्रं, मग हे सही करतात. डोळ्यांच्या इंजेक्शनांनंतर एक रिपोर्ट आला. त्यात शेवटी स्पष्ट लिहिलं होतं की यापुढे सुधारणा अपेक्षित नाही. हे समोर खुर्चीत मान वाकडी करून बसले होते, हातात चहाची कपबशी. मी वाचलं, "हळूहळू फरक पडेल." कशी जीभ वळली देव जाणे. हे म्हणाले, "मग ठीक." आणि चहा प्यायले. त्या दिवसापासून मॅन्युअलचं खूळ सुरू झालं. "गिअर नसलेली गाडी म्हणजे मिक्सर. बटण दाबा आणि बसा," असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मला कळायचं, ह्यांना वाटतंय की फरक पडला की आपणच चालवणार. आशा मीच लावली होती, आता ती मोडायची कुणी?

तर शोरूम. तिथल्या मुलीने, बिचारी जेमतेम पंचविशीची असेल, आम्हा सगळ्यांना सोफ्यावर बसवून थंड दिलं आणि हातात एक पुठ्ठा ठेवला. त्यावर टिकलीएवढे रंगाचे चौकोन. नणंदबाईंनी तो पुठ्ठा लांब धरला, जवळ धरला, मग उभ्या राहिल्या.

"ह्या उजेडात काय कललं? बाहेर आना सगल्या."

"काय आणू, आजी?"

"गाड्या. उनात बघू रंग."

साडीचा पदर दुकानाच्या दारात नेऊन बघायचा असतो, तशी त्यांना गाडी बघायची होती. मुलगी हसली, पण ती मुलगी कामाची निघाली. मागच्या अंगणात डिलिव्हरीच्या पाच-सहा गाड्या उभ्या होत्या, तिकडे तिने आमची वरात नेली. मग काय विचारता! पांढरी अँब्युलन्ससारखी दिसते. काळी शुभाला नको. राखाडी म्हणजे पाण्याची टाकी. लाल बरी, मातीचा चिखल दिसणार नाही, पण एका चुलतीच्या मते लाल रंगाला पोलीस जास्त अडवतात. निळी सगळ्यांना आवडली, तर नणंदबाईंनी विचारलं, "ह्यातला जरा गडद नाय का?" मुलीने गंभीरपणे सांगितलं की कंपनी एवढाच निळा बनवते. बाईंना ते पटलं नाही. दुकानदार चांगला माल मागे ठेवतो, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

मग छताची भानगड निघाली. काही रंगांवर छत काळं येतं. "डोक्यावर कालं?" म्हणून त्या आधी दचकल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "नाय, चांगलं हाय. तीट लावल्यासारखं." दृष्टीचा प्रश्न कंपनीनेच सोडवल्यामुळे त्या खूश झाल्या. मानाचं म्हणून पायपुसण्या फुकट मागून घेतल्या. लेकीचं मत कुणी विचारलंच नाही. ती खारघरलाच नोकरी करते, स्कूटरवरून तिथेच आली होती, आणि लांब उभी राहून मोबाइलवर आमचं शूटिंग करत होती.

या गोंधळात हे कुठे आहेत म्हणून मी बघितलं. रांगेच्या टोकाला हे एकटे उभे होते, मान वाकडी करून. एका गाडीपासून दुसऱ्या गाडीपर्यंत हळूहळू येत येत शेवटच्या गाडीपाशी थांबले होते. ती पिवळी होती. झणझणीत पिवळी, माझ्या मते तर रिक्षाला शोभणारी. मी जवळ गेले.

"ही दिसते," हे म्हणाले. "बाकीच्या सगळ्या एकच वाटतात. ही कुठे संपते ते दिसतं मला."

मागे बायकांचं बोलणं थांबलं. नणंदबाईंनी ऐकलं होतं. धाकट्या भावाला लहानपणी त्यांनीच कडेवर घेऊन गाव हिंडवलेलं. त्या पुढे आल्या, पिवळ्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "हलदीचा रंग. हाच घ्यायाचा." आणि निळ्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मला त्या क्षणी त्या बाईची इतकी माया आली की एरवी आमचं पटत नाही हेही विसरले.

आत आलो. शोरूमच्या मध्यात एक मॅन्युअल गाडी प्रदर्शनाला ठेवली होती. हे विचारून तिच्यात बसले. चालवणाऱ्याच्या सीटवर. दार लावून घेतलं. डावा पाय क्लचवर गेला, हात गिअरवर, आणि बंद गाडीत ह्यांनी एकेक गिअर टाकून बघितला. पहिला, दुसरा, तिसरा. तोंडावर काय होतं ते काचेतून सगळ्यांना दिसत होतं. आम्ही जीपमधून कर्नाळ्याच्या बाजूला जायचो त्या वेळचा, तिशीतला चेहरा. बाहेर आल्यावर मुलीला म्हणाले, "तिसऱ्यातून चौथ्यात जाताना जरा अडतो." तिने लिहून घेतल्यासारखं केलं.

मग फॉर्म आला. बायका दुसरं थंड पीत होत्या. आम्ही दोघं टेबलाशी, लेक माझ्या मागे. नाव, पत्ता, रंग, सीट कव्हर, सगळं भरलं. खाली दोन चौकोन होते. मॅन्युअल, ऑटोमॅटिक.

लेक माझ्या कानाशी वाकली. "आई, ऑटोमॅटिकवर टिक कर आणि गप्प बस. बाबांना कुठे दिसतंय?"

मी तिच्याकडे असं बघितलं की ती सरळ उभी राहिली. राग तिचा नव्हता, माझाच होता, कारण माझ्या मनात तेच चाललेलं. हे माझ्यापासून हातभर अंतरावर भिंतीकडे बघत बसले होते. मी काहीही लिहिलं असतं तरी ह्यांना कळणार नव्हतं. गाडी आली की म्हणता आलं असतं, मॅन्युअल संपली होती, वेटिंग होतं, शोरूमवाल्यांनी घोळ घातला. एकदा खोटं वाचलेलं पचलं होतं, दुसऱ्यांदाही पचलं असतं. मी ऑटोमॅटिकवर टिक केली. 

"वाच," हे म्हणाले.

मी नाव वाचलं. पत्ता वाचला. पिवळा रंग, काळं छत, सीट कव्हर, पायपुसण्या. आणि थांबले.

"पुढे?"

बंद गाडीत एकेक गिअर टाकणारा तो हात टेबलावर पालथा पडला होता. मी त्या हाताकडे बघितलं आणि म्हटलं, "ऑटोमॅटिक. मी लिहिलंय. तुमच्या डोळ्यांना आता फरक पडणार नाही. रिपोर्टात तसंच होतं, मी खोटं वाचलं."

  हे लेकीच्या दिशेने मान वळवून म्हणाले, "तो कागद मी त्याच आठवड्यात हिच्याकडून वाचून घेतला होता."

मी मागे वळून बघितलं. लेक फरशीकडे बघत होती.

"मग मॅन्युअल, मॅन्युअल कशाला चाललं होतं इतके दिवस?" माझा आवाज चढला. मला रडू येत होतं आणि माझं रडू नेहमी भांडणाच्या वाटेने येतं.

"तू एवढ्या आशेने वाचलंस," हे म्हणाले. "म्हटलं, तुला कशाला मोडू? आणि तुझ्या पोटात काही राहत नाही, बोलशील कधीतरी. इतकं लांबवशील असं वाटलं नव्हतं."

समोरची मुलगी एकदम कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधायला लागली. मला ह्यांना एक चापट मारावीशी वाटली आणि गळ्यातही पडावंसं वाटलं. पाच बायकांसमोर यातलं काहीच करता येण्याजोगं नव्हतं. मी नाक पुसलं.

"सही कुठे करू? बोट ठेव," हे म्हणाले.

मी रेघेवर बोट ठेवलं. डोळे ओले असल्यामुळे मलाही नीट दिसत नव्हतं. ह्यांनी माझ्या बोटाचा अंदाज घेऊन पेन टेकवलं आणि झोकात सही ओढली. निम्मी कागदावर आली, निम्मी माझ्या नखावर. मुलगी संकोचून म्हणाली की सही रेघेवर पूर्ण लागते, आणि तिने नवा फॉर्म दिला.

पुन्हा नाव, पुन्हा पत्ता. या वेळी हे सांगत गेले आणि मी लिहीत गेले. पिवळा. छत काळं. शेवटच्या दोन चौकोनांपाशी मी काही विचारायच्या आधीच, सोफ्यावर बसलेल्या आपल्या बहिणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात हे म्हणाले, "ऑटोमॅटिक लिही. बायको चालवणार आहे."