वच्छलाबाईंचा फोटो मिळणेबाबत

विषय : बुडीत क्षेत्रातील एका गावच्या रहिवासी कै. वच्छला सखाराम वलथरे यांचा फोटो मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदार सखाराम वलथरे, व्यवसाय मासेमारी, यांचे तीन अर्ज. तिन्ही अर्जांतलं अक्षर माझं.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, सखारामकडे त्याच्या बायकोचा एकही फोटो नाही. ती जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. तेव्हापासून तिच्या जागी त्याने एका हिंदी नटीचा फोटो लावला आहे, कारण वच्छला तिच्यासारखी दिसायची. आता त्याला खरा फोटो हवा आहे. गावाचं नाव लिहीत नाही, ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे आणि तिथे पत्रव्यवहार पोचत नाही. नटीचं नावही लिहीत नाही. ती हयात आहे, आणि वैनगंगेच्या काठी आपल्या फोटोला रोज हार चढतो हे तिला कुणी कळवू नये एवढीच इच्छा.

आता हा विषय एकटा टेबलावर यायला हवा, पण येत नाही. किस्से फायलींसारखे असतात. एक ओढली की खालच्या चार घसरून येतात. कचेरीत कारकून होतो तेव्हा ऐकणारे होते, सांगायला वेळ नव्हता. आता उलट आहे. लाखांदूरच्या एसटी स्टँडसमोर चहाच्या टपरीवर एक बाक आहे. त्यावर आम्ही चौघे निवृत्त बसायचो. माझे तिन्ही सोबती कुणा ना कुणा प्रसिद्ध माणसासारखे दिसायचे. सध्या बाकावर मला पाय पसरून बसता येतं.

*

पहिला गजभिये, आमच्या कचेरीतला शिपाई. दिल्लीतल्या एका मोठ्या नेत्यासारखा हुबेहूब. तेच टक्कल, तोच चष्मा, बोलण्याआधी तोच लांब विराम. नेत्याचा विराम विचारासाठी असावा, गजभियेचा तोंडातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्यासाठी होता.

एकदा ते नेते धरणाच्या कामावर येणार होते. खुर्च्या मांडायला गजभियेला सकाळीच पाठवलं. सरकारी जीपमधून तो उतरला आणि लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातले. मागोमाग अर्ज आले. गजभियेच्या तोंडात खर्रा, त्यामुळे तो काही बोलू शकला नाही. प्रत्येकाचं ऐकून घेतलं, मान हलवली, अर्ज खिशात ठेवले. खरे नेते दुपारी आले, तोवर हार संपले होते.

दुसऱ्या दिवशी गजभियेने ते सगळे अर्ज स्वतः आवकमध्ये नोंदवून घेतले आणि रोज एकेका टेबलावर जाऊन विचारत बसला. त्यातला एक हातपंपाचा अर्ज मंजूर झाला. खऱ्या नेत्याला दिलेल्या अर्जांचं काय झालं, ते विचारू नका.

गावाने पंपाला नेत्याचं नाव दिलं.

नेते वारले तेव्हा कचेरीला सुटी होती. गजभिये वारला तेव्हा घाटावर आम्ही अकरा जण होतो. त्यातले दोघे चुकून आले होते.

*

दुसरा लांजेवार, एसटीचा कंडक्टर. टीव्हीवर एक मालिका लागायची. त्यात सुनेचा छळ करणारा एक सासरा होता. लांजेवार डिट्टो तो. सानगडीच्या बाजाराच्या दिवशी गाडीत बायका त्याला तिकीट मागायच्या आधी शिव्या घालायच्या. एका म्हातारीने तर त्याच्याकडून वचन घेतलं की सुनेला घरी परत आणीन. लांजेवारला स्वतःची सून नव्हती, मुलगा नव्हता, लग्नच नव्हतं. वाद नको म्हणून तो हो म्हणाला.

पुढच्या बाजाराला म्हातारी पुन्हा हजर. सून आणली का? लांजेवार गडबडला. त्या दिवसापासून तो खोलीवर जाऊन रोज मालिका पाहायला लागला. आम्ही हसलो तर म्हणाला, "मंग काय करू जी? मी काल काय केलो, ते मलेच मालूम नाही. बुढीले जवाब काय देऊ?"

दोन वर्षं त्याने म्हातारीला हप्त्याहप्त्याने हिशेब दिला. मालिका संपली. त्यानंतरच्या बाजाराला ती गाडीत चढली, तिकीट घेतलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. ती उतरेपर्यंत लांजेवार तिच्या सीटच्या आसपास घुटमळत होता. तिने ओळख दिली नाही.

सेवानिवृत्त झाल्यावर तो काही वर्षं बाकावर बसला, मग भावाकडे गोंदियाला गेला. गेल्या दिवाळीला फोन आला होता. विचारत होता, ती मालिका पुन्हा लागणार असं काही ऐकलं का.

*

तिसरा बोरकर, भूमापक. हा तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायचा. बोरकर एका गाजलेल्या नटासारखा दिसे आणि सानगडीचा एक शिंपी बोरकरसारखा दिसे. म्हणजे शिंपी हा प्रतीची प्रत. अशा कागदावर कचेरीत शिक्का बसत नाही, पण रंगमंचावर चाललं. मंडळाने जुळ्या भावांचं नाटक बसवलं. शेवटच्या अंकात आंधळी आई नुसत्या स्पर्शाने खरा मुलगा ओळखते आणि सगळा मांडव रडतो, असा बेत होता. मांडव रडलाही.

बोरकरची खरी आई पहिल्या रांगेत होती. तिचे डोळे चांगले होते. नाटक संपल्यावर ती पडद्यामागे आली, शिंप्याच्या हातात नारळ दिला, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बारीक झाला रे बापू."

बोरकर चार हातांवर मिशा काढत उभा होता. शिंप्याला आई नव्हती. त्याने नारळ परत दिला नाही.

बोरकर होता तोवर हा किस्सा हसत हसत सांगायचा आणि सांगून झाल्यावर बराच वेळ चहा ढवळत बसायचा. तो बिनसाखरेचा चहा प्यायचा.

*

मी स्वतः कुणासारखा दिसत नाही. नागपूर स्टेशनवर एकदा एक गृहस्थ थांबले, निरखून पाहिलं आणि म्हणाले, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. मला बरं वाटलं. म्हटलं, निघालं कुणीतरी. त्यांनी खूप आठवलं. शेवटी आठवलं. त्यांच्या एका दाखल्यासाठी मी त्यांना चार चकरा मारायला लावल्या होत्या. म्हणजे मी माझ्यासारखाच दिसतो. घरी येऊन हे बायकोला सांगितलं असतं, पण ती आदल्या वर्षीच गेली होती.

*

आता मूळ विषय.

धरणाच्या वेळी बुडीत गावांतल्या घरांची मोजणी झाली. प्रत्येक घरासमोर कुटुंब उभं करायचं, कर्त्याच्या हातात पाटी द्यायची, पाटीवर घरक्रमांक आणि नाव, मग फोटो. पाटी लिहायचं काम माझ्याकडे होतं. दिवसाला तीस घरं करायची होती आणि माणसं मान वर करत नव्हती. घर सोडायचं म्हणून फोटो काढतायत, तर वर कोण बघणार? बायका तर पदरात तोंड घालून उभ्या. तोंड दिसलं नाही तर साहेब फोटो परत करायचे.

मग मी एक युक्ती काढली. प्रत्येकाला कुणासारखं तरी ठरवायचं. म्हाताऱ्याला म्हणायचं, तुम्ही तर एखाद्या मंत्र्यासारखे दिसता. पोरगेल्या माणसाला हिरो करायचं. माणूस दचकून वर बघायचा, तेवढ्यात फोटो. सखारामच्या घरी त्याची बायको पोरीला कडेवर घेऊन खाली बघत होती. मी त्या नटीचं नाव घेतलं. ती हसली आणि तिने वर पाहिलं. काम झालं. पुढच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या गावात तीच नटी मी तीन बायकांना दिली होती.

बाकीच्या दोघी विसरल्या असतील. सखाराम विसरला नाही. त्याने लाखांदूरच्या कापड दुकानातून त्या नटीचं कॅलेंडर आणून भिंतीवर लावलं. वच्छला म्हणे त्यावर टॉवेल वाळत घालायची. "माह्याकडे पाहाले तुमाले टाइम नाही, अन् हिच्याकडे पाहून राहिले," असं म्हणायची, हे सखारामनेच मला सांगितलं. गाव उठायच्या आधीच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. लग्नात फोटोवाला नव्हता. मतदार ओळखपत्राचे फोटो निघाले तेव्हा ती माहेरी होती. नवीन गावठाणात गेल्यावर सखारामने कॅलेंडरच्या तारखा कापल्या, नटीला फ्रेम केलं आणि हार घातला.

तिथल्या मास्तरांनी त्याला समजावलं की जिवंत माणसाला हार घालणं बरं नाही. सखारामचं उत्तर तालुक्यात फिरलं. तो म्हणाला, "तिले काय होते जी? तिचे तं लाखो फोटो हायेत. माह्या बायकोचा एकबी नाही."

हे असं वर्षानुवर्षं चाललं. मधल्या काळात सुनीता, म्हणजे ती कडेवरची पोर, मोठी झाली, लग्न झालं, नवऱ्यासह बापाकडेच राहायला आली. तिला आई आठवत नाही. तिला लहानपणापासून ही फ्रेम दाखवलेली. मागच्या वर्षी तिची पाच वर्षांची मुलगी टीव्हीसमोरून ओरडत आली. आजी टीव्हीवर आली होती. हातात साबण होता.

शेजारपाजार हसला. सुनीता नाही हसली. तिने बापाला सांगितलं, एकतर माझ्या आईचा खरा फोटो आणा, नाहीतर ही बाई भिंतीवरून काढा. मी कुणाला आई म्हणत होते, ते मला एकदा पाहू द्या.

सखाराम मासळी विकून झाल्यावर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, बाबूजी, तुम्हीच पाटी लिहिली होती, तो फोटो कुठेतरी असेल ना? असेल म्हटलं. सरकार माणसं हरवतं, कागद सहसा ठेवतं. मी पहिला अर्ज लिहिला. सहा महिन्यांत तीन झाले. तीन टेबलांनी तीन कचेऱ्यांकडे बोट दाखवलं. इतकी वर्षं मी स्वतः बोट दाखवायचं काम केलं असल्यामुळे मला ते परकं वाटलं नाही.

*

गेल्या महिन्यात एका कचेरीतून निरोप आला की जुनी फाईल सापडली आहे, अर्जदाराने येऊन ओळख पटवावी.

आम्ही दोघे एसटीने गेलो. सखारामने धुतलेला सदरा घातला होता, आणि फ्रेम बरोबर घेतली होती, पंच्यात गुंडाळून. कशाला, असं मी विचारलं नाही. रेकॉर्ड रूममधल्या बाई भल्या होत्या. त्यांनी स्टूल दिलं, पंखा लावला, फाईल उघडून त्याच्यापुढे ठेवली.

फोटो पिवळा पडला होता, पण स्वच्छ होता. पाटीवर माझं अक्षर, घरक्रमांक, नाव. सखारामने बोट ठेवून एकेक वाचायला घेतलं. हे घर. हे मोहाचं झाड, याच्याखाली डोंगा ठेवायचो. हे जाळं. हा मी, केस पाहा किती होते. ही सुनीता, कडेवर. शेजाऱ्याची बकरीसुद्धा त्याने नावानिशी ओळखली.

मग बोट थांबलं.

"अन् ही कोन होय जी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फोटोतली बाई वर बघून हसत होती. ती त्या नटीसारखी दिसत नव्हती, डावीकडूनही नाही आणि उजवीकडूनही नाही. ती सुनीतासारखी दिसत होती. सुनीता आज दारात उभी राहते तेव्हा जशी दिसते, अगदी तशी.

मी म्हटलं, "सखाराम, ही वच्छला आहे."

त्याने पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पंचा सोडून फ्रेम काढली आणि फाईलशेजारी ठेवली. आवाज चढवला नाही.

"नाही जी बाबूजी. वच्छला अशी होती. तुमीच तं म्हनलं होतं."

बाईंना तो अदबीने म्हणाला की एवढ्या फोटोंत कुणाचा तरी फोटो इकडचा तिकडे लागला असेल, माणसाकडून होतं असं, घाई नाही, बाकीच्या फायली पाहून ठेवा. प्रत घ्यायला त्याने नकार दिला. दुसऱ्याच्या बायकोचा फोटो घरी कसा न्यायचा, असं त्याचं म्हणणं पडलं. बाईंनी पेन हातात घेऊन मला विचारलं, शेरा काय मारू? नोकरीत मी असे हजार शेरे मारले असतील. त्या दिवशी एक सुचेना. शेवटी त्यांनी त्यांच्याच मनाने लिहिला.

अर्जदाराने कार्यालयात समक्ष हजर राहून फोटो पाहिला. फोटोतील घर, झाड, मूल व स्वतः अर्जदार यांची ओळख पटली. स्त्रीची ओळख पटली नाही. शोध पुढे चालू ठेवावा अशी अर्जदाराची विनंती आहे. अर्ज प्रलंबित.