शबानाकडचा लोमीलोमी

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहून राहिले.

आज लातुरात शबानाकडं गेले होते. ती माझी शाळेतली मैत्रीण. हवाई बेटांवरचा लोमीलोमी नावाचा मसाज ती गोव्यात शिकली आणि आता घरातल्या पुढच्या खोलीत बायकांना देते. "ह्यात नुसतं अंग चोळायचं नसतं गं, मनालाबी हात लावायचा असतो," असं तिचं म्हणणं.

मी पालथी झोपले. तिनं आधी डोळे मिटून दुआ मागितली. मग कोमट तेल लावून, कोपरापासून मनगटापर्यंतचा अख्खा हात मानेपासून कमरेपर्यंत लाटेसारखा फिरवत राहिली. मला मात्र चैन पडेना. मी सारखी मान उचलून दाराकडं बघायचे.

"कोण बोलवून राहिलंय तुला?" तिनं विचारलं.

"आई," मी बोलून गेले.

माझी आई लकव्यानं अंथरुणाला खिळली होती. तिचं खाणंपिणं, कूस बदलणं मीच करायचे. मागच्या महिन्यात ती गेली.

शबानानं दोन्ही तळवे माझ्या पाठीवर ठेवले आणि तशीच उभी राहिली. "लई केलंस तू. आता पडून राहा. मी हाय."

मी हमसून रडले. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून किती काळ लोटला होता!

तरी घरी आल्यावर आईची कूस बदलायची वेळ झाली, आणि मी तिच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

ज्यांनी आपल्या माणसाचं असं केलंय, त्यांनी सांगा: तुम्हाला पडल्यापडल्या शांत झोप कधी लागायला लागली?