दोन बिलासपूर

आवडाबाईंचं माहेर फुलंब्रीचं आणि सासर तिथून हाकेच्या अंतरावरचं. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या आणि तोवर फुलंब्रीच्या पल्याड एकदाच, फर्दापूरच्या मावशीकडं लग्नाला गेल्या होत्या. पुढं नवऱ्याला, सांडूला, मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आप्पासाहेबांच्या ट्रकवर ड्रायव्हरची नोकरी लागली आणि दोघं औरंगाबादेत बेगमपुऱ्यात एका खोलीत राहायला आली. शेजारच्या घरात यमुनाबाई राहायच्या. त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या.

सुरुवातीला सांडूच्या फेऱ्या जालना, परभणी, नांदेड एवढ्याच असत. मग गाडी पुण्याला जायला लागली, मग मुंबईला. हैदराबाद राज्य मोडून औरंगाबाद मुंबई राज्यात गेलं त्या साली सांडू सरकीची पोती घेऊन इंदूरला गेला. तिथून त्यानं कोणाकडून तरी पोस्टकार्ड लिहून घेऊन पाठवलं. सांडू निजामाच्या शाळेत दोन इयत्ता शिकलेला. त्याला उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. आवडाबाईंना तर काहीच वाचता येत नव्हतं. त्या कार्ड घेऊन यमुनाबाईंकडं गेल्या. यमुनाबाईंनी ते वाचून दाखवलं, तेव्हा आवडाबाईंनी विचारलं, इंदूर कुठं आलं? फर्दापूरच्या पुढं का?

यमुनाबाई हसल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी नकाशांचं एक मोठं पुस्तक आणलं. शाळेनं ते एकोणीसशे पन्नास साली घेतलं होतं. त्यातलं हैदराबाद राज्य आता कुठं उरलंच नव्हतं, म्हणून शाळेनं पुस्तक रद्दीत काढलं होतं. रद्दीत जाऊ नये म्हणून यमुनाबाईंनी ते घरी आणून ठेवलं होतं. त्यांनी आवडाबाईंचं बोट धरून औरंगाबादवर ठेवलं आणि तसंच वर सरकवत इंदूरपर्यंत नेलं. मधे तापी लागली, नर्मदा लागली. आवडाबाई बराच वेळ त्या चार बोटांच्या जागेकडं बघत राहिल्या. एवढ्या लांबच्या वाटेवर आपला माणूस एकटा गाडी हाकतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा उमगलं.

तेव्हापासून रोज दुपारी भांडी घासून झाली की त्या यमुनाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. जग अ-आपासून अक्षरं शिकतं, आवडाबाईंनी औ-पासून सुरुवात केली, कारण पहिल्यांदा वाचायचं होतं ते औरंगाबाद. मग जालन्याचा ज, नांदेडचा न. वर्षाच्या आत त्या गावांची नावं घडाघडा वाचायला लागल्या. यमुनाबाई वर्तमानपत्र वाचताना एखादं नवं राज्य, नवा पूल, नवं धरण आलं की शिसपेन्सिलीनं पुस्तकात खूण करायच्या. साठ साली महाराष्ट्राची शीव काढायचं काम त्यांनी आवडाबाईंना दिलं. आवडाबाईंनी ती रेघ दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढली.

सांडूला आधी या सगळ्याची गंमत वाटायची. पण घरी आल्यावर बायको विचारायची, की चंबळ ओलांडली तेव्हा पाणी किती होतं, आणि झाशीवरून गेलात का ग्वाल्हेरवरून. मग त्यालाही वाटेवर इकडं तिकडं बघायची सवय लागली. पूर्वीची पोस्टकार्डं ‘खुशाल आहे’ एवढ्यावर संपायची, आता त्यात नद्या आणि डोंगर यायला लागले.

चौसष्ट साली मार्चमध्ये सांडू कापसाच्या गठाणी घेऊन लुधियान्याला गेला. पंधरा दिवस काही कळलं नाही. मग मोंढ्यात आप्पासाहेबांना एक कार्ड आलं. हिंदीतल्या दोनच ओळी होत्या : मंडीला माल घेऊन निघालो होतो, बिलासपूरला एक्सल तुटला, सामान घेऊन माणूस पाठवा. टपालाचा शिक्का पुसट होता. आप्पासाहेब फुलंब्रीकडचे जमीनदार, तीन ट्रकांचे मालक, हिशेबी पण मनानं चांगले. त्यांनी लगेच फकिरा मिस्त्रीला बोलावलं. बिलासपूर नागपूरच्या पुढं आहे हे त्यांना ठाऊक होतं. सांडूला येताना तिकडचं भाडं मिळालं असेल आणि तो कुठल्याशा बाजारात धान्य टाकायला निघाला असेल, असं त्यांनी धरलं. फकिरानं संध्याकाळच्या गाडीनं मनमाडला जाऊन नागपूरकडं निघायचं ठरलं.

त्याच दिवशी दुपारी आवडाबाईंच्या हातात सांडूनं त्यांना पाठवलेलं कार्ड पडलं. त्यात गाव तेच, पण मजकूर जास्त होता. सकाळी हात गारठतात. इथं भलंमोठं तळं आहे, पाण्यात जुनी देवळं बुडालीत आणि त्यांचे कळस वर दिसतात. तुला दाखवायला पाहिजे होतं. आवडाबाईंनी पुस्तकाच्या शेवटची गावांची यादी काढली आणि ब-वरून बोट खाली आणलं. बिलासपूर दोनदा होतं. एक मध्य प्रदेशातलं. दुसरं पार वर, हिमालयाच्या पायथ्याला.

दुसऱ्या एका शेजारणीकडून त्यांना कळलं होतं की आप्पासाहेबांच्या कार्डात मंडीला माल न्यायचं लिहिलंय आणि फकिरा संध्याकाळी नागपूरकडं निघतोय. यमुनाबाई शाळेत होत्या. आवडाबाईंनी पुस्तक आणि कार्ड धुतल्या लुगड्यात गुंडाळलं आणि मोंढ्याची वाट धरली. आप्पासाहेबांच्या पेढीची पायरी त्या पहिल्यांदाच चढत होत्या. आत आठ-दहा माणसं बसलेली, सगळी त्यांच्याकडं वळून बघायला लागली. त्यांनी पुस्तक गादीवर उघडलं आणि आपलं कार्ड शेजारी ठेवलं.

आप्पासाहेबांनी दोन्ही बिलासपूर पाहिली आणि म्हणाले की एवढ्या डोंगरात सांडू कशाला मरायला जाईल? आवडाबाईंनी वरच्या बिलासपूरच्या जवळच बोट ठेवलं. तिथं एका गावाचं नाव लिहिलं होतं, मंडी. बाजाराची मंडी नव्हे, गावच मंडी. फकिरा पुढं झाला आणि वाकून बघायला लागला. आप्पासाहेब मात्र अडून बसले. कार्डात तळं लिहिलंय, म्हणाले, आणि इथं तर नुसती नदी आहे. तळं कुठंय?

“पुस्तक जुनं हाय आप्पासाहेब,” आवडाबाई म्हणाल्या. “ही सतलज. हितं खाली भाक्राचं धरण झालं, गेल्या साली बातमी आली व्हती, आमी रेघ मारून ठिवली. पाटाला बांध घातला की पाणी मागं फुगतं का नाय? मग हे गाव बांधाच्या मागंच हाय. देवळं बुडाली ती त्याच्यानंच.”

आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि रेघेपासून गावापर्यंत नदी निरखून पाहिली. मग ते फकिराला म्हणाले, “दिल्लीचं तिकीट काढ. बाई सांगत्यात तसा जा.”

पुढचे सहा दिवस आवडाबाई पुन्हापुन्हा तेच पान उघडून बघायच्या. फकिरा भलतीकडं गेला तर नवरा परमुलखात अडकून पडेल आणि दोष आपल्या माथी येईल, हाच घोर. यमुनाबाईंनी सगळं ऐकून पुस्तक पुन्हा तपासलं आणि मी असते तरी हेच सांगितलं असतं, असं म्हणाल्या, तरी आवडाबाईंचं मन थाऱ्यावर येईना. सातव्या दिवशी तार आली. गाडी सापडली होती, सांडू खुशाल होता. तार घेऊन आप्पासाहेब स्वतः बेगमपुऱ्यात आले, पेढ्यांचा पुडा घेऊन, आणि दारात उभ्याउभ्याच म्हणाले की आमच्या पेढीवर एक तरी माणूस नकाशा वाचणारा पाहिजे, तुम्ही येत जा.

लोकांनी नावं ठेवली. मोंढ्यात हमालांच्या घोळक्यात बाईमाणूस बसणार म्हणून आवडाबाईंच्या सासूनं गावाकडून निरोप धाडला. सांडू परत आल्यावर त्याला कोणी टोकलं, तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की ती नसती तर मी अजून डोंगरातच भाकऱ्या भाजत बसलो असतो. मग आवडाबाई रोज दहाच्या सुमाराला पेढीवर जाऊ लागल्या. नवा ड्रायव्हर निघाला की त्याला समोर बसवून वाट सांगायच्या. पुढचं पेट्रोल कुठं, घाट कुठं, नाका कुठं. परत आला की त्याची उलटतपासणी व्हायची. कुठला पूल नवा झाला, कुठली वाट वाहून गेली, हे त्या पुस्तकात लिहून घ्यायच्या. सहासष्ट साली पंजाबातून हरियाणा निघाला, तर दुसऱ्याच आठवड्यात नुसता पंजाबचा परवाना घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला, आता हरियाणाचा वेगळा लागेल म्हणून, त्यांनी दारातून परत बोलावलं. शेजारच्या पेढ्यांचे लोकही विचारायला यायचे. पुढं आप्पासाहेबांनी पुण्याहून नवं पुस्तक मागवलं. दोन वर्षांत तेही खुणांनी भरलं.

एवढ्या वाटा सांगणाऱ्या आवडाबाई स्वतः मात्र कुठं गेल्या नव्हत्या. अडुसष्ट सालच्या दिवाळीनंतर सांडूला रत्नागिरीचं भाडं मिळालं आणि तो म्हणाला, या खेपेला तू पण चल. आप्पासाहेबांनी रजा दिली. यमुनाबाईंनी चिवडा बांधून दिला. आवडाबाई ट्रकच्या केबिनमध्ये, मांडीवर पुस्तक घेऊन बसल्या. पुण्यापर्यंत सांडूनं त्यांचं ऐकलं. साताऱ्याच्या पुढं एका फाट्यावर त्याला एक वाट बरोबर वाटली आणि त्यांना दुसरी. थोडी बाचाबाची झाली. शेवटी तो त्यांच्या वाटेनं गेला. कोस दीड कोस गेल्यावर कळलं की पूल अजून पुरा व्हायचाय, गाडी मागं न्यावी लागली.

सांडू गालातल्या गालात हसत राहिला. आवडाबाई खाली उतरल्या, कामावरच्या मुकादमाला त्यांनी पूल कधी पुरा होणार ते विचारलं आणि बॉनेटवर पुस्तक टेकवून पानाच्या कडेला लिहून ठेवलं. मग वर चढून म्हणाल्या, “चला, तुमच्या वाटंनं.”